वर्ष वाढवण्याआधी आकडेमोड करा
मेडिकलआधीच्या चार वर्षांच्या कॉलेजचं एक वर्ष वाढवलं की जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) सुधारतो, असा सल्ला एका लेखात वाचला; तो अमेरिकेतल्या मुलांनी सरसकट घेऊ नये. १२० क्रेडिटला (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन) जीपीए ३.३ असेल आणि वाढीव ३० क्रेडिटमध्ये सगळीकडे ए (म्हणजे ४) मिळाला, तरी एकूण ३.४४ च होतो. शिवाय विषय पुन्हा घेतला तर एएमसीएएस (मेडिकल कॉलेजांचे अर्ज घेणारी सेवा) दोन्ही ग्रेड धरतं, कॉलेजने जुना वगळला तरीही.

खरी गफलत तारखांची. अर्ज जूनच्या सुमारास जातो, प्रवेश पुढच्या वर्षी. चौथं वर्ष संपताच अर्ज केला, तर पाचव्याचे ग्रेड त्यात येतच नाहीत. ते हवेत तर अर्ज पाचवं संपल्यावर, म्हणजे एकाची दोन वर्षं! नुसती एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) राहिली असेल, तर कृपा करून पदवी घेऊन मोकळे व्हा. अभ्यास घरूनही होतो, त्यासाठी वर्षभराची फी कशाला?