वहिनीने बाटल्या पुरल्या, बरोबरच केलं

सकाळपासून डोकं तापलंय. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी यवतमाळच्या फवारणी विषबाधेची जुनी बातमी टाकली. त्यावर एका मित्राचं उत्तर आलं: "केस करायला स्वित्झर्लंडला जातात, पण साधी रिकामी बाटली जपून ठेवता येत नाही यांना." खाली लगेच तीन अंगठे.

२०१७ साली आमच्या काकांच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. काकांचा सालदार, त्याला आम्ही दादाच म्हणतो, पाठीवर पंप घेऊन दोन दिवस फवारत होता. झाडंच एवढी उंच, की फवारा वरून त्याच्याच तोंडावर यायचा. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग डोळ्यांपुढे अंधार. दवाखान्याच्या कागदावर एकच शब्द, 'विषबाधा'. कशाची, ते कुणी लिहिलं नाही. वहिनीने त्याचे कपडे जाळले आणि बाटल्या शेताच्या धुऱ्यावर खड्डा करून पुरल्या. मला म्हणाली, "घरात लेकरं हायेत भाऊ. जहर घरात कसं ठेवू?"

सांगा आता, काय चुकलं तिचं?

त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये त्यांतल्या ५१ कुटुंबांनी स्वित्झर्लंड सरकारच्या संपर्क केंद्राकडे, म्हणजे अशा तक्रारींत मध्यस्थी करणाऱ्या कार्यालयाकडे, सिंजेंटा या स्विस कीटकनाशक कंपनीविरुद्ध तक्रार केली. 'पोलो' नावाच्या त्यांच्या कीटकनाशकामुळे विषबाधा झाली, असं त्यांचं म्हणणं. कंपनीने जबाबदारी नाकारली. तो तिचा हक्क आहे, ठीक. पण त्या पोलोमधलं मुख्य रसायन, डायफेन्थियुरॉन, स्वित्झर्लंडने स्वतःच्या शेतांत २००९ पासून बंद केलेलं होतं, आणि आपल्याकडे पाठवायला मात्र मोकळीक. निर्यातीवर बंदी आली थेट २०२१ मध्ये. स्वतःच्या मातीत नको आणि आमच्या दादाच्या पाठीवर चालतं, हे मला आजही गिळता येत नाही.

आणि ५१ जण तक्रारीला, मग कोर्टात किती? तीन. दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी, बासेलच्या कोर्टात. एकाने सर्वांच्या वतीने भरपाई मागावी, अशी अमेरिकेसारखी सोय स्विस कायद्यात नाही. ज्याला भरपाई हवी त्याने स्वतः दावा लावायचा. प्रत्येकाने आपापला पुरावा आणायचा, आपल्याच अंगात नेमकं तेच औषध गेलं हे दाखवायचं. म्हणजे पुन्हा बाटलीच! कृषी केंद्राची पावती, बाटली, डॉक्टरचा कागद, आणि हे सगळं सात हजार किलोमीटरवर परक्या भाषेत. उरलेल्यांसाठी होती ती फक्त मध्यस्थी. समझोता न होताच २०२२ मध्ये तेही प्रकरण बंद झालं.

हातमोजे नव्हते, मास्क नव्हता, दोन-तीन औषधं एकत्र मारली जातात, हे खरं आहे. मान्य. पण ऑक्टोबर हीटमध्ये अंगभर प्लॅस्टिक चढवून एक तास फवारून दाखवा, मग बोलू.

बरं, तिथली सामान्य माणसं वाईट आहेत असंही नाही, हे लिहायलाच हवं. परदेशात झालेल्या नुकसानीसाठी स्विस कंपन्यांना स्विस कोर्टात उभं करता यावं, म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे जनमत घेतलं. ५०.७ टक्के लोक 'हो' म्हणाले. तरी प्रस्ताव पडला, कारण बहुसंख्य कँटन म्हणजे तिथली राज्यं विरोधात गेली. त्या निम्म्याहून जास्त लोकांना यवतमाळ कुठे आहे ते ठाऊकही नसेल, तरी ते आपल्या बाजूने उभे राहिले. हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं.

आणि होत नाही असं नाही. झांबियातल्या चिंगोलाच्या १,८२६ गावकऱ्यांनी खाणीच्या प्रदूषणासाठी वेदांतावर लंडनमध्ये दावा लावला. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, केस इथे चालेल. एकत्र चालेल! पुढे समझोताही झाला.

एकत्र दावा म्हणजे न्याय, असं मी म्हणत नाही. भोपाळचं काय झालं? आपलं सरकारच सगळ्यांच्या वतीने न्यूयॉर्कला गेलं, १९८६ मध्ये जज कीननने प्रकरण भारतात परत पाठवलं, आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, पीडितांना न विचारता. पण त्याचा अर्थ प्रत्येकाला एकेकटं सोडून द्या असा होतो का? दादा तर कुठल्याच यादीत नाही, ५१ मध्येही नाही. दिवस मावळला की त्याला अजून नीट दिसत नाही. कोणाचं औषध होतं, ते मला आजही माहीत नाही. ते धुऱ्यात पुरलेलं आहे.

ग्रुपवर काहीच लिहिलं नाही मी. वहिनीला फोन लावला. सहज विचारलं, आता बाटल्या ठेवता का?

"ठेवतो ना भाऊ. गोठ्यात आढ्याले पोतं बांधलं हाय, पावत्याबी त्यातच. लेकरायचा हात नाही पुरत तिथं."