येता का वेरूळला?

आमच्या इथं अमेरिकेत युनिव्हर्सिटीत 'फॅकल्टी-लेड' नावाचा एक प्रकार असतो. म्हणजे प्रोफेसरनेच कोर्स आखायचा, पोरांना परदेशी न्यायचं, तिथं फिरवत फिरवत शिकवायचं आणि क्रेडिट द्यायचे. ऐकायला झकास. मी कलेचा इतिहास शिकवतो, त्यात मूळचा नाशिकचा, त्यामुळे डिपार्टमेंटने परस्पर ठरवूनच टाकलं की हा मे महिन्यात अजिंठा-वेरूळ करणार. मे का, तर सेमिस्टर तेव्हाच संपतं. मराठवाड्यात तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो असं मी मीटिंगमध्ये सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, व्वा, छान ऊब! आपल्या सरकारला मात्र पूर्ण कल्पना आहे, ३० दिवसांचा टुरिस्ट ई-व्हिसा एप्रिल ते जून स्वस्तात देतात, उन्हाळी सेलच म्हणा ना.

मग पोरं गोळा करायची. किमान दहा लागतात, नाहीतर प्रोग्रॅम रद्द. आणि माझं विमानाचं तिकीटसुद्धा पोरांच्या फीमधूनच निघतं, म्हणजे एक पोरगं गळलं की बाकीच्यांची फी वाढते, फी वाढली की आणखी एक गळतं, आणि मी रोज रात्री एक्सेल उघडून बसतो. स्टडी अब्रॉडच्या मेळ्यात माझं टेबल लागलं ते नेमकं इटलीत फ्लॉरेन्सला पोरं नेणाऱ्या कलीगच्या शेजारी. त्याला काही बोलावंच लागत नव्हतं, नुसता जिलाटोचा, म्हणजे तिथल्या आइस्क्रीमचा, फोटो लावून बसला होता. मी इकडे घसा फोडून सांगतोय की कैलास लेणं एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलंय, आठव्या शतकात, अरे डोकं चालवा, खांब आधी की कळस आधी! पोरं ऐकून घेतात, आणि विचारतात वायफाय आहे का. इन्फो सेशनला फुकट पिझ्झा ठेवला तेव्हा हॉल भरला, पिझ्झा संपला, हॉलही संपला.

ट्रॅव्हल एजंटने पाठवलेला कार्यक्रम तर फ्रेम करून ठेवण्यासारखा. सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ! इतकं अचूक चुकायलाही अभ्यास लागतो. बजेटवाल्यांचा वेगळाच ताप, लेण्यांचं तिकीट मला ४० रुपये आणि पोरांना ६०० कसं, याचं लेखी स्पष्टीकरण द्या म्हणे. आता हे पुरातत्त्व खात्याने ठरवलंय, मी काय कमिशन खातोय? रिस्कवाल्यांच्या फॉर्ममध्ये 'प्राण्यांशी संपर्क' असा रकाना होता, तिथं मी प्रामाणिकपणे अजिंठ्याची माकडं लिहिली, तर उलट टपाली माकडांसाठी सुरक्षा योजना मागवली. लिहिलं, हातात केळी धरणार नाही.

शेवटी कशीबशी दहा जमली आणि मी आईला फोनवर सांगितलं. ती लगेच, सगळ्यांना घरी जेवायला आण. म्हणलं अगं थांब, दोघं व्हेगन आहेत, दूध-तूप काही नाही, एकीला गहू चालत नाही आणि एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, म्हणजे कूट कशात म्हणजे कशातच नको, कढईलाही लागलेला नको, हॉस्पिटलात न्यावं लागेल.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "अरे, मग घालू काय भाजीत, माती?"