शेवटचा हात काही संपत नाही

जपानी तेबाकोच्या, म्हणजे हाताशी किरकोळ वस्तू ठेवायच्या लाखकाम केलेल्या पेटीच्या, धर्तीवर रंगवलेली माझी लाकडी पेटी तीन आठवडे ‘जवळजवळ पूर्ण’ आहे. झाकणावरच्या सेइगाइहा, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानींच्या नक्षीतल्या, लाटांतली एक कमान शेजारणीपेक्षा केसभर जाड दिसते म्हणून ती पुसावी, तर खालचा काळा रंग उडतो. तो भरावा, तर त्याची चकाकी वेगळी दिसते. आणि मग अख्खे झाकण पॉलिश पेपरने पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर उरत नाही. खऱ्या उरुशीचे, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या जपानी लाखेचे, थर दमट हवेत घट्ट होतात आणि त्या कामाला महिने लागतात, या आधारावर मी माझ्या चालढकलीला साधना म्हणवतो, ही शुद्ध लबाडी आहे. माझा रंग साधा अ‍ॅक्रिलिक, अर्ध्या तासात वाळणारा! पेटीत ठेवायचे सुया-दोरे अजून बिस्किटांच्या डब्यातच आहेत, आणि आज वॉर्निशमध्ये ब्रशचा केस चिकटलेला सापडला आहे.