दोन्ही बाजू सारख्या म्हणजे तोल नव्हे

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो: ‘मनुष्याकृती हमखास जमते. मधोमध उभी रेष मारा, दोन्ही बाजू सारख्या ठेवा, ८ डोकी मोजा. तोल आपोआप येतो. माणूस समोर लागत नाही, फोटो पुरे.’ असं शिकून आखडलेले हात मी पुण्यात रोज सोडवते, म्हणून लिहिते आहे.

आधी ‘सारख्या बाजू’. स्वारगेटला बसची वाट बघणारा माणूस पाहा. भार उजव्या पायावर असेल तर कंबर उजवीकडे वर चढते, उजवा खांदा खाली येतो, डावा गुडघा सैल पडतो. दोन्ही बाजू वेगळ्या, तरी तो पडत नाही. का, ते गवंड्याचा ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, सांगतो. कंठाच्या खळगीतून तो सोडला की भार पेलणाऱ्या पावलाजवळ उतरतो. दोन्ही पायांवर भार असेल तर पावलांच्या मधे. इ.स.पू. ५ व्या शतकातल्या ग्रीक शिल्पी पॉलिक्लायटसचा भालाधारी असाच एका पायावर उभा आहे. आपल्याकडे त्रिभंग आहे, म्हणजे मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळलेली उभी मुद्रा. विटेवरचा विठोबा समपाद, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभा आहे आणि ती निश्चलता तिथे हवीच. पण मुरलीधर त्याच साच्यात कोंबला तर तो मुरलीधर राहत नाही.

गणपतीआधी नदीपात्रात ढोलाचा सराव चालतो, तिथे मुलांना जरूर न्या. ढोल कमरेला, सगळं वजन पोटापुढे. म्हणून वादकाची पाठ मागे जाते, पाय फाकतात. इथे कंठाचा ओळंबा टाचांकडे सरकतो, कारण तोल अंगाचा आणि ढोलाचा मिळून सांभाळायचा असतो. मधली उभी रेष इथे काय कामाची?

८ डोक्यांचं माप, म्हणजे डोक्याच्या ८ पट उंची, हे आदर्श आकृतीचं. साधारण मोठा माणूस सुमारे ७.५ डोकी भरतो, वर्षाचं मूल ४. बसलेल्या किंवा वाकलेल्या माणसाला तर हे मोजमाप तसंच्या तसं लागतच नाही.

राहिला फोटो. मीही फोटो वापरते, कपड्यांच्या चुण्यांसाठी. पण उभ्याने जवळून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड येतात, आणि मूल तेच इमानदारीने उतरवतं. शिवाय मंडईत पाटी उचलणारी बाई आधी पाय रोवते, मग कंबर वळवते, मग उठते. तो भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना मुलांना दिसला पाहिजे. फोटोत तो कुठे दिसणार?