रिगचा धंदा चीनने 'जिंकला' म्हणणाऱ्यांसाठी

"समुद्रातलं तेल काढणारे रिग बांधायचा धंदा चीनने बघता बघता सिंगापूरच्या हातून काढून घेतला. सरकारने मनावर घेतलं, मजूर स्वस्त, तंत्रज्ञान घरचं. भारतानेही हेच करावं." अशा आशयाचा मजकूर सतत फॉरवर्ड होतो. त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तपासायला हवा.

'काढून घेतला'? 2011 ते 2014 दरम्यान ऑर्डरी चीनकडे वळल्या, हे खरं. पण कशाच्या जोरावर? सिंगापूरची यार्डं, म्हणजे रिग आणि जहाजं बांधणारे कारखाने, साधारण 20 टक्के रक्कम आधी मागत. चिनी यार्डांनी 10 टक्के, कधी त्याहूनही कमी इसारावर काम धरलं. बाकीचे पैसे ताबा घेताना. एक जॅकअप रिग, म्हणजे समुद्राच्या तळावर लांब पाय टेकवून उभा राहणारा रिग, साधारण 20 कोटी डॉलरचा. एवढ्याशा इसारावर तो मिळतोय म्हटल्यावर, तेलविहीर खोदायचं एकही कंत्राट हातात नसलेले लोक रांगेत आले. रिग तयार होईपर्यंत भाव चढेल, मग विकून मोकळं व्हायचं, असा त्यांचा हिशेब.

जून 2014 मध्ये ब्रेंट तेल (ज्याच्या भावावर जगभरचे तेलाचे भाव बेततात) पिंपाला 115 डॉलरच्या आसपास होतं. जानेवारी 2016 मध्ये ते 30 च्या खाली गेलं. गिऱ्हाइकांनी इसारावर पाणी सोडलं आणि डझनावारी रिग यार्डांच्या गळ्यात पडले. धक्क्याला लागलेल्या, पाय आभाळात उचललेल्या या जॅकअपना गंज लागू द्यायचा नाही, यंत्रं फिरती ठेवायची, पहारा ठेवायचा, आणि हे सगळं यार्डाच्या खर्चाने. चीनमधल्या दालियनच्या डीएसआयसी ऑफशोअर या यार्डाला 2019 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जावं लागलं. सिंगापूरचंही नुकसान झालंच: तिथल्या दोन मोठ्या रिगबांधणी कंपन्या, केपेलचा ऑफशोअर विभाग आणि सेम्बकॉर्प मरीन, 2023 मध्ये एकत्र येऊन सीट्रियम झाली. धंदाच बुडाला होता. याला जिंकणं म्हणत नाहीत.

'तंत्रज्ञान घरचं'? पुरावा म्हणून 'ब्लू व्हेल 1'चा फोटो दाखवतात. 2017 मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या तळातल्या मिथेन हायड्रेटमधून (मिथेन वायू अडकलेल्या बर्फासारख्या पदार्थातून) वायू काढणारा हा रिग चीनमधल्या यांताईच्या सीआयएमसी रॅफल्स या यार्डाने बांधला. आराखडा मात्र फ्रिगस्टाड या परदेशी कंपनीचा, आणि ते यार्ड मुळात उभं केलं ब्रायन चँग या सिंगापूरच्या उद्योजकाने. 'हाययांग शियोऊ 981' या गाजलेल्या चिनी रिगचा मूळ आराखडा अमेरिकेच्या फ्रीड अँड गोल्डमन कंपनीचा. चीनचं खरं कसब बांधणीत आहे, आणि ते नाकारू नये. यांताईची ताइसुन क्रेन घ्या. रिगचा वरचा डेक आणि खालचे तरंगते पाँटून शेजारी शेजारी, वेगवेगळे बांधायचे. मग अख्खा डेक वर उचलायचा, पाँटून त्याखाली तरंगत आणायचे आणि डेक अलगद त्यांवर टेकवायचा. या क्रेनने 2008 मध्ये 20,133 टन उचलून जागतिक विक्रम केला. उंचावर लोंबकळत करायचं कितीतरी काम त्यामुळे जमिनीलगत होतं.

स्वस्त मजुरीचं म्हणाल, तर तिने जहाजांच्या बाजूचाही खुलासा होत नाही. तिथे मात्र चीनने खरोखर बाजी मारली आहे. 2024 मध्ये जगात बांधून झालेल्या जहाजांच्या टनभारात त्याचा वाटा निम्म्याहून जास्त होता. शांघायच्या हुदोंग-झोंगहुआने पहिलं एलएनजी जहाज, म्हणजे अतिथंड द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणारं जहाज, 2008 मध्ये दिलं. टाकीचं तंत्र फ्रान्सच्या जीटीटी कंपनीच्या परवान्याचं, आतला इन्व्हारचा (थंडीने जवळजवळ न आकसणाऱ्या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा) पत्रा जेमतेम 0.7 मिलिमीटर जाड, आणि त्याचे जोड किलोमीटरच्या किलोमीटर, एकही गळता कामा नये. असे वेल्डर स्वस्तात मिळत नाहीत, ते वर्षानुवर्षं घडवावे लागतात. कतारकडून 2,71,000 घनमीटरच्या 18 जहाजांची ऑर्डर याच यार्डाला मिळाली, पण 2024 मध्ये. मागे सरकारी पैसा होताच; तो इथे कौशल्यावर लागला, तिकडे सटोडियांच्या उधारीत अडकला.

'हेच करावं' यातलं 'हेच' म्हणजे नेमकं कुठलं, ते म्हणूनच आधी सांगा. मुंबई हायवर तेल शोधणारा 'सागर सम्राट' हा रिग जपानहून आला होता. पुढे माझगाव डॉकने ओएनजीसीसाठी इथेच जॅकअप बांधले. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने जहाजबांधणीसाठी 69,725 कोटी रुपयांचं पॅकेज मंजूर केलं. त्यातून कुणी रिग बांधायला निघालाच, तर पहिला पत्रा कापण्याआधी त्या रिगचं खोदाईचं कंत्राट टेबलावर असलं पाहिजे.