विमान त्यांचं, वेळ त्यांची, दंड आपला

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबईहून गोव्याला घरी यायचं ठरवलंय ना? मग विमानानेच या. कोकण रेल्वेचं आरक्षण खिडकी उघडते न उघडते तोच संपलेलं असतं आणि मुंबई-गोवा महामार्ग बहुधा आपल्या नातवंडांसाठी राखून ठेवलेला आहे. तेव्हा विमान. फक्त एक पथ्य पाळा, कुठेही शहाणपण करू नका. कंपन्यांना प्रवासी कसा आवडतो? निमूट, घाईत असलेला, आणि सोबत रडणारं मूल असेल तर दुधात साखर.

सुरुवात तिकिटापासून करा. गंतव्याच्या रकान्यात ‘गोवा’ दिसलं की पुढचं काही वाचू नका. गोव्यात 5 जानेवारी 2023 पासून दोन विमानतळांवर प्रवासी उतरतात, एक नौदलाच्या धावपट्टीवरचं दाबोळी आणि दुसरं उत्तर टोकाच्या पेडण्यातलं मोपा. दोन्हींमध्ये रस्त्याने साठेक किलोमीटरचं अंतर असलं तरी तिकिटावर ते एका अक्षराचं असतं. दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. घर दक्षिण टोकाच्या काणकोणला असेल तर मुद्दाम मोपाचं तिकीट घ्या, सातशे रुपये स्वस्त मिळेल. ते सातशे आणि त्यांच्या जोडीला आणखी काही हजार घरी पोचेपर्यंत टॅक्सीत जातील, पण आपल्या टॅक्सीवाल्या पात्रांवालाही, म्हणजे मालकालाही, पोट आहे.

तिकीट शक्यतो ओळखीच्या एजंटाकडून काढा आणि संपर्काच्या जागी त्याचाच मोबाइल, त्याचाच ईमेल पडू द्या. यात मोठी सोय आहे. विमान रद्द झाल्याचा निरोप एजंटाला जातो, एजंट त्या वेळी जेवून आडवा झालेला असतो, आणि तुम्ही तीन पेट्या घेऊन मुंबईच्या विमानतळावर. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नियम असा की ज्याने पुरेसा संपर्क दिलेला नाही त्याला भरपाई मागता येत नाही. कंपनीवर एवढे उपकार तुम्ही स्वतःच्या हाताने क्वचितच करू शकाल.

तिकीट हातात आलं की दोन दिवस उघडून बघू नका. 2019 साली सरकारने प्रवाशांची सनद काढली आणि त्यात एक धोकादायक तरतूद घालून ठेवली. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट तिकीट काढलं असेल आणि प्रवासाला सात दिवस किंवा जास्त असतील, तर पहिल्या 24 तासांत ते दंडाशिवाय रद्द करता येई किंवा बदलता येई, नव्या विमानाचं भाडं जास्त असेल तर तेवढा फरक भरावा लागतो. त्याच माणसाच्या नावातली चूकही 24 तासांत फुकट दुरुस्त होते. आपल्याकडे नाईक, कामत आणि गावकर यांची इंग्रजी स्पेलिंगं घरटी वेगळी. आधारवर एक, दहावीच्या दाखल्यावर दुसरं, एजंटाच्या बोटांतून तिसरं. ते वेळेत लक्षात आलं तर कंपनीचं नुकसान. 2025 च्या नोव्हेंबरात रद्द करण्या-बदलण्याची मुदत 48 तासांवर न्यायचा मसुदा आला आणि 2026 मध्ये तो नियमही झाला. म्हणून म्हणतो, दोन दिवस थांबा, मग निवांत चष्मा लावून बघा.

आता समजा, तुम्हालाच तारीख बदलायची वेळ आली. ऑफिसातल्या साहेबाने रजा एक दिवस पुढे ढकलली. इथे दोन वेगळे हिशेब चालतात, आणि दोन्ही तुमच्याच खिशातून. एक बदल शुल्क, आणि दुसरा जुन्या-नव्या भाड्यातला फरक. शुल्क दर माणशी आणि दर फेरीला लागतं. ते तीन हजार धरा. नवरा, बायको, दोन मुलं, जाणं आणि येणं मिळून चोवीस हजार. अजून भाड्याचा फरक आलेलाच नाही. चवथीच्या आदल्या दिवशीच्या भाड्याबद्दल मी इथे लिहीत नाही, लेख मुलंबाळंही वाचतात.

त्यापेक्षा रद्दच करू, असा विचार मनात येईल. तोही करून बघा. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे, आणि कंपन्या तो काटेकोर पाळतात. म्हणजे बरोबर तेवढं घेतात. राहतात ते सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं. हे पैसे मात्र तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं, अगदी विमान चुकलं तरी तुमचेच असतात. ज्या विमानतळावर तुम्ही पाऊल ठेवलं नाही त्याच्या वापराचं शुल्क कोण कसं ठेवून घेणार? पण हे मागावं लागतं. आणि मागणं तुमच्या स्वभावात नाही, हे गृहीत धरूनच तर हा सगळा कारभार चाललाय. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन रुपये सुटे दिले नाहीत म्हणून दुकानदाराला फैलावर घेणारा गोंयकार हजार-बाराशे रुपये विमान कंपनीला विनातक्रार दान करतो. पैसे एजंटाकडे अडकले असतील तर तिथे हेलपाटे घाला. एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी असल्याने परताव्याची जबाबदारी कंपनीवर येते, हे त्याला किंवा कंपनीला सांगून कुणाचं मन दुखवू नका.

हे झालं तुम्ही बदल केल्यावर. कंपनीने बदल केला की सगळा सूरच बदलतो. रात्री अकरा-साडेअकराच्या सुमारास फोन वाजतो. ‘आपल्या प्रवासाच्या वेळेत किरकोळ बदल करण्यात आला आहे.’ सकाळी दहाचं विमान संध्याकाळी पावणेसातचं झालेलं असतं. घरी दुपारी गणपती बसणार, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला तुमची वाट बघत होते, आणि तुम्ही पोचणार आरती आटोपल्यावर. खालचा दुवा उघडा आणि पडदा नीट न्याहाळा. मध्यभागी अंगठ्याएवढं निळं बटण, त्यावर ‘स्वीकारा’. त्याच्याखाली, फोन आडवा धरून चिमटीने मोठं केल्यावरच दिसतील अशा करड्या अक्षरांत, ‘इतर पर्याय’. त्या करड्या अक्षरांमागे दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा लपलेला असतो. तिकडे जाऊ नका. निळं बटण दाबा. ते एकदा दाबलं की बदल तुम्ही राजीखुशीने मान्य केलात, मग उद्या त्या बदलालाही दुसरा बदल यायला मोकळीक.

विमान रद्दच झालं तर घड्याळ महत्त्वाचं. कंपनीने दोन आठवडे आधी कळवायचं असतं. त्यानंतर पण 24 तासांच्या आधी कळवलं, तर तुम्हाला चालेल असं दुसरं विमान किंवा परतावा. 24 तासही उरले नसताना कळवलं तर भरपाईसुद्धा. उड्डाण तासाभराचं असेल तर पाच हजार, एक ते दोन तासांचं असेल तर साडेसात हजार, त्याहून लांबचं असेल तर दहा हजार. मुंबई-गोवा सव्वा तासाचं, म्हणजे साडेसात हजार, असं म्हणून हुरळून जाऊ नका. ही रक्कम किंवा एका फेरीचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. तिकीट जितकं स्वस्त तितका तुमचा मनस्ताप स्वस्त.

तेही कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल तरच. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, संप, पूर, दंगल यांत भरपाई नाही, आणि ते रास्तच आहे. चवथीत पाऊस असतोच, त्यामुळे काउंटरवर ‘हवामान’ म्हटलं की आभाळाकडे बघून मान डोलवा. शेजारच्या गेटवरून त्याच वेळी त्याच शहराला दुसऱ्या कंपनीचं विमान उडालं, तर त्या वैमानिकाने आभाळ बघितलं नसेल असं समजा. ‘ऑपरेशनल कारणं’ म्हणाले तर अधिकच आदराने मान डोलवा, हे कारण नियमातल्या अपवादांच्या यादीत शोधायला जाऊ नका. सर्वांत महत्त्वाचं, कारण लेखी मागू नका. लेखी कागदाला पुढे ग्राहक आयोगात पाय फुटतात.

पण खरी कला रद्द करण्यात नाही, उशीर करण्यात आहे. रद्द केलं तर रोख भरपाईची भानगड. उशिराला रोख भरपाईच नाही. मुंबई-गोव्यासारख्या छोट्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यायचं, सहा तासांहून जास्त होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, आणि रात्री आठ ते पहाटे तीनमधलं उड्डाण सहा तासांहून जास्त रखडलं तर हॉटेल. म्हणून उशीर एकदम जाहीर होत नाही. आधी चाळीस मिनिटं, मग आणखी पन्नास, मग ‘येणारं विमान अजून निघालेलं नाही’. पाच तास पंचावन्न मिनिटांवर ते अचानक येतं. पणजीच्या बाजारात कुणी मासळीवालीने ‘इसवण (सुरमई) आत्ता येतेय’ म्हणत तुम्हाला दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं, तर तुम्ही तिच्या सात पिढ्यांची चौकशी कराल. इथे तुम्ही रांगेत उभे राहून उपमा घ्याल. तो कागदी कपातला उपमा एकदा निरखून बघा. वर झाकण, आत कोरडा रवा, चार शेंगदाणे, एक वाळकं कढीलिंबाचं पान, आणि गरम पाणी घालून आठ मिनिटं थांबा अशी सूचना. सगळ्या विमानतळावर वेळ नक्की सांगणारी ती एकच गोष्ट.

विमानात जागेपेक्षा तिकिटं जास्त विकली गेली असतील तर? ‘कुणी स्वखुशीने थांबेल का’ असं विचारतात, तेव्हा लगेच हात वर करा आणि बदल्यात काय देता हे विचारू नका. इच्छेविरुद्ध उतरवलेल्याला तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर मूळ भाडं अधिक इंधन शुल्काच्या दुप्पट ते चौपट भरपाई द्यावी लागते, कमाल वीस हजारांपर्यंत. उगाच कुणावर तो बोजा नको.

पैसे परत करण्याऐवजी कंपनी कूपन देऊ करेल, ‘क्रेडिट शेल’ नावाचं. पैसे खात्यात घ्यायचे की कंपनीकडे जमा ठेवायचे, ही निवड प्रवाशाची, असं नियमात स्पष्ट आहे. तुम्ही ती निवड उदारपणे कंपनीला बहाल करा. 2020 च्या टाळेबंदीत हा उदारपणा इतका पसरला की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1 ऑक्टोबर 2020 ला परताव्याचा आदेश निघाला. 2025 च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, इतर विमानांची भाडी आभाळाला भिडली, तेव्हा सरकारला भाड्यांवर मर्यादा घालावी लागली. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, कर आणि विमानतळ शुल्क वेगळे. मुंबई-गोवा त्यात बसत होतं. म्हणजे सरकारलाही कधीमधी राग येतो, पण त्यासाठी अख्खा देश विमानतळावर झोपावा लागतो.

जाता जाता एक खास गोव्यापुरती सूचना. आपल्याकडे घरटी एखाद्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो. युरोपात 2004 चा 261 क्रमांकाचा नियम आहे. तिथे कंपनीच्या चुकीने ऐनवेळी छोटं उड्डाण रद्द झालं तरी 250 युरो मिळतात, तिकीट कितीला का काढलेलं असेना. म्हणून काही जण मोपाच्या काउंटरवर तो लाल पासपोर्ट ताठ मानेने पुढे करतात. नियम पासपोर्ट बघत नाही, विमान कुठून उडालं आणि कुठल्या कंपनीचं आहे ते बघतो. मोपाहून मुंबईला जाणाऱ्याच्या वाट्याला, पासपोर्ट कुठल्याही रंगाचा असो, उपमाच.

तरीही तक्रार करायची खुमखुमी असेल तर ती योग्य ठिकाणी करा. व्हॉट्सॲपवर कुळागराच्या, म्हणजे घरच्या बागायतीच्या, नावाने चालणारा नातेवाइकांचा गट आहे, तिथे लिहा, सगळे रागाचे चेहरे पाठवतील. कंपनीच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल, मग वरच्या अपिलीय अधिकाऱ्याला, सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर नोंद, ग्राहक हेल्पलाइनचा 1915, नाहीच जमलं तर वकिलाशिवायही जाता येतं असा जिल्हा ग्राहक आयोग, असल्या वाटेला जाऊ नका. तिकडे जाणाऱ्यांना पैसे परत मिळाल्याच्या घटना घडलेल्या आहेत.