बर्फ वितळून जातो, पण जातो कुठे? केदारकंठावरच्या कमेंटला उत्तर

दादा, नमस्कार. उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकवर मी लिहिलेल्या पोस्टखालची तुमची कमेंट थोडक्यात इथे देतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशावर बोलतोय. तुमचं म्हणणं असं की नद्या ग्लेशियरमधून येतात, केदारकंठावर ग्लेशियरच नाही, तिथला बर्फ दरवर्षी पडतो आणि उन्हाळ्यापर्यंत वितळून जातो, मग त्याच्यावरून आपले पुण्याचे ग्रुप चालले तर पाण्याचं काय बिघडतं, आणि ट्रेकर आले तरच पायथ्याच्या सांकरी गावातल्या लोकांचं घर चालतं, तेव्हा डिसेंबरमध्ये गर्दी करू नका हे सांगणारा मी कोण.

केदारकंठावर ग्लेशियर नाही हे बरोबर. साडेबारा हजार फूट म्हणजे साधारण 3800 मीटर, तिथे बर्फ वर्षभर टिकत नाही. पण म्हणूनच तर त्याचं मोल जास्त आहे हो! ग्लेशियरचं पाणी लांबच्या मोठ्या नदीत येतं, गावाच्या वरच्या उताराला जे झरे असतात ते असल्या हंगामी बर्फावर आणि पावसावर चालतात. आपल्याकडे सह्याद्रीत चार महिने पाऊस कोसळतो आणि तो उरलेले आठ महिने पुरवायला पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं लागतात, आणि तिथे तेच काम बर्फ करतो, भिंत न बांधता. हिवाळ्यात वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून बर्फ-पाऊस आणणारे वाऱ्यांचे पट्टे, येतात, पाणी वर गोठून साठतं, आणि मार्चपासून ऊन चढेल तसं थोडं थोडं सुटतं. हळू सुटतं म्हणून जमिनीत मुरतं. त्याच उंचीवर त्याच दिवसांत बर्फाऐवजी पाऊस पडला तर बरंचसं पाणी दोन दिवसांत उतरून गेलेलं असतं.

आणि बर्फ दिसतो तेवढं पाणी त्यात नसतं. एक मीटर भुसभुशीत ताजा बर्फ वितळला की साधारण दहा सेंटिमीटर पाणी निघतं, बस. त्यामुळे फोटोत गुडघाभर दिसतोय म्हणजे भरपूर आहे असं नाही. 2024 चा जानेवारी आठवा, गुलमर्गचे उतार महिना संपत येईपर्यंत कोरडे होते, उत्तराखंडात स्कीइंगच्या औलीलाही तेच. त्याच्या पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, इसिमोडने (काठमांडूची पर्वतांचा अभ्यास करणारी संस्था) हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा 23.6 टक्के कमी असल्याचं सांगितलं. अशा वेळी "दरवर्षी पडतोच की" या भरवशावर मी तरी बसणार नाही.

आता नद्यांचं. सांकरीच्या बाजूचं पाणी खाली सुपीन नदीला जातं, नैटवाडला सुपीन आणि रुपीन एकत्र येऊन टोन्स होते, आणि टोन्स पुढे कालसीच्या बाजूला यमुनेला मिळते. त्या संगमावर टोन्सचं पाणी यमुनेपेक्षा जास्त असतं, नाव मात्र पुढे यमुनेचंच चालतं. म्हणजे त्या उतारावर जे काही आपण टाकून येतो ते सगळ्यात आधी सांकरी, नैटवाड, मोरी या गावांच्या पाण्यात जाणार.

माझा खरा राग चालण्यावर नाहीच, मुक्कामावर आहे. वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्याच्या काठाशी तंबू, त्याच्या वरच्या अंगाला टॉयलेटचा खड्डा, खरकटं आणि वेट वाइप्स बर्फात पुरलेले. बर्फात काही कुजत नाही दादा, ते जसंच्या तसं राहतं आणि मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या वितळणाऱ्या पाण्याबरोबर खाली उतरतं, नेमकं झरे भरायच्या वेळेला. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की सगळे एकाच वेळी जातात आणि सगळा भार त्याच दोन-तीन कॅम्पसाइटवर पडतो, म्हणून लिहिलं होतं की तारखा पसरवा. जाऊ नका असं मी कुठेच लिहिलेलं नाही, पोस्ट परत वाचा प्लीज.

स्थानिकांच्या पोटाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो तुम्ही काढलात हे बरं झालं. ऑगस्ट 2018 मध्ये आली-बेदिनीच्या प्रकरणात उत्तराखंड हायकोर्टाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्री राहायलाच बंदी घातली. फटका कोणाला बसला? खेचरवाल्यांना, गाइडना, स्वयंपाक्यांना. आपण पुण्यात बसून दुसरा ट्रेक शोधतो, त्यांना दुसरा डोंगर नसतो. शिवाय ट्रेकचे महिने सोडले तर त्या भागात सफरचंद, राजमा, बटाटा यावरच घर चालतं, आणि त्यालाही पाणी त्याच उतारांवरून येतं. तेव्हा सांकरीच्या माणसाची काळजी असेल तर त्याचं पाणी आधी.

तुमचा ऑफिसचा ग्रुप 26 डिसेंबरला निघतोय असं लिहिलंय, बुकिंग झालंय तर जा, बिनधास्त जा. फक्त पैसे पूर्ण भरायच्या आधी ऑपरेटरला विचारा की कॅम्प तळ्यापासून आणि ओढ्यापासून किती लांब लावता, टॉयलेट कुठे खणता, आणि कचरा खाली सांकरीला आणल्यावर पुढे कुठे जातो. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर ऑपरेटर बदला. तारीख हलवता येत असेल तर मार्च बघा, वर बहुतेक बर्फ असतो, स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ समोर दिसतात आणि कॅम्पवर गर्दी कमी. आणि ग्रुपमधल्या ज्यांना थंडी झेपत नाही त्यांना मे महिन्यात मोरीला टोन्सवर राफ्टिंगला न्या. कोलाडला कुंडलिकेत धरणातून पाणी सोडलं की राफ्ट निघते, इथे वरचा बर्फ वितळला की नदी भरते, आणि पाणी इतकं गार असतं की वेटसूट लागतोच, तो मिळणार का हे आधी विचारून घ्या.